मेलिबिअसचे वासरू

मेलिबिअस नावाच्या माणसाकडे एक वासरू आहे. ते त्याचे स्वतःचे. घरच्या घरी ते कापून त्याचा वाटेल तो भाग देवापुढच्या अग्नीत टाकावा असे त्याच्या मनात आले, तर कायद्याने त्याला अडवावे का? जॉन लॉकने हा प्रश्न मांडला तेव्हा तो आम्स्टरडॅममध्ये एका डॉक्टरच्या घरी नाव बदलून लपलेला होता. साल १६८५. इंग्लंडच्या राजाला तो हवा होता. शेजारी फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने त्याच ऑक्टोबरात नांतचा आदेश रद्द केला. तिथल्या प्रोटेस्टंटांना १५९८ पासून असलेली मुभा त्यामुळे संपली, आणि त्यांचे तांडे हॉलंडच्या शहरांत येऊन उतरू लागले. त्या हिवाळ्यात लॉकने आपला मित्र फिलिप फान लिंबोर्क याला उद्देशून लॅटिनमध्ये एक लांबलचक पत्र लिहिले. ते १६८९ मध्ये खाउडा येथे निनावी छापले गेले आणि विल्यम पॉपलने त्याच वर्षी त्याचे इंग्रजी केले. सहिष्णुतेविषयीचे पत्र म्हणून उदारमतवादाच्या इतिहासात गाजले ते हेच. मेलिबिअस त्यातला. नाव व्हर्जिलच्या कवितेतल्या एका गुराख्याचे.

लॉकचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. घरी खाण्यासाठी वासरू कापणे कायदेशीर असेल, तर देवासाठी कापणेही कायदेशीरच राहील. देवाचे नाव घेतल्याने कृत्य गुन्हा होत नाही. ही पहिली पायरी. दुसरी अशी : समजा गुरांवर रोग आला, गोठे ओस पडले, आणि जनावरांची संख्या पुन्हा वाढवणे राज्याला निकडीचे झाले. मग सत्तेने काही काळ सगळ्यांनाच वासरे कापायला मनाई करावी. मेलिबिअसचा बळी त्यामुळे थांबेल, पण धर्मावर घाला आला अशी तक्रार त्याला करता येणार नाही. बंदी कत्तलीवर आहे, बळीवर नाही.

राज्यशास्त्राच्या वर्गात हा परिच्छेद मी कित्येक वर्षे शिकवला. इथवर आले की डुलक्या घेणारा वर्ग जागा होतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच : "सर, आणि रोग आलाच नसेल तर?" हे पुस्तक त्या प्रश्नाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

पत्राचा मुख्य युक्तिवाद मात्र वासराचा नव्हे. तो असा : श्रद्धा हा आतला निश्चय आहे, तो तलवारीने किंवा दंडाने घडवता येत नाही, म्हणून धर्माच्या बाबतीत सक्ती व्यर्थ आहे. ऐकायला हे बिनतोड वाटते. जोनास प्रोस्ट नावाच्या ऑक्सफर्डच्या एका धर्मोपदेशकाने १६९० मध्ये त्यातली फट दाखवली. सक्तीने श्रद्धा उपजत नाही हे कबूल, पण सक्तीने माणूस ऐकायला तर बसतो? ऐकता ऐकता पटूही शकते. शाळा चालवलेल्या कोणालाही प्रोस्टचे म्हणणे चटकन झटकून टाकता येणार नाही. लॉकला उत्तरादाखल आणखी पत्रे लिहावी लागली, शेवटचे अपुरे राहिले, आणि तरी फट पूर्ण बुजली असे मला वाटत नाही.

प्रोस्टचा मुद्दा समजायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. गोव्यात सोळाव्या शतकात राजसत्तेचा धाक, सवलतींचे आमिष आणि काहींची मनापासूनची ओढ अशा सगळ्या मिश्रणातून धर्मांतरे झाली. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत राहिले. त्याच्या कोठडीतून सुटलेल्या शार्ल देलॉन या फ्रेंच वैद्याची हकिकत १६८७ मध्ये लायडनला छापली गेली, म्हणजे लॉक हॉलंडमध्ये असतानाच. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. ज्यांच्या पूर्वजांवर तो दबाव आला, त्यांच्या चार पिढ्यांनंतरच्या वंशजाची श्रद्धा खोटी होती का? कोणत्याही गोंयकाराला विचारा. ती पूर्ण अस्सल होती आणि आहे. आजोबांवरच्या सक्तीतून नातवाची खरी भक्ती उगवू शकते. तेव्हा सक्ती निष्फळ ठरते म्हणून ती करू नये, या पायावर धर्मस्वातंत्र्य उभे राहत नाही. सक्ती सफल झाली तरी ती का गैर आहे, हे सांगता आले पाहिजे. म्हणजेच प्रश्न परिणामांचा उरत नाही. ज्याच्यावर सत्ता चालवायची त्याचे आपण काय देणे लागतो, असा तो होतो. विसाव्या शतकातल्या उदारमतवाद्यांचे उत्तर थोडक्यात असे : त्याला कारण द्यायचे देणे लागतो.

इथे भाषेची एक अडचण आहे आणि ती गमतीची आहे. इंग्रजीतल्या 'जस्टिफिकेशन'ला आपण समर्थन म्हणतो, पण मराठीत समर्थन म्हणजे पाठिंबाही. उमेदवाराला देतात तो. 'समर्थनीय' म्हटले की अर्थ जरा नीट बसतो. त्याहून अवघड शब्द 'कारण'. "कारण सांग" म्हणजे तुझ्या कृतीचे मूळ सांग. "कारणे सांगू नकोस" म्हणजे सबबी पुरे. एकवचनाचे अनेकवचन होताच शब्द बेइमान होतो. पुढची सगळी चर्चा याच अंतराभोवती फिरते : सत्तेकडे कारण मागितले जाते आणि ती कारणे सांगते.

जॉन रॉल्सला हे अंतर ठाऊक असावे. १९४२ मध्ये प्रिन्स्टनला त्याने पाप आणि श्रद्धा या विषयावर प्रबंध लिहिला होता. धर्मोपदेशक व्हायचा त्याचा विचार होता. मग पॅसिफिकमधले युद्ध आले, तो पायदळात गेला आणि परतला तेव्हा ती श्रद्धा उरली नव्हती. हे त्याने एका छोट्या टिपणात लिहून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची न्यायाची उपपत्ती १९७१ मध्ये आली, पण आपल्या विषयासाठी १९९३ चे पुस्तक अधिक महत्त्वाचे, कारण त्यात त्याने निराळा प्रश्न घेतला. एकाच देशात राहणारे लोक धर्म, मोक्ष, सद्‌गती याबद्दल कधीच एकमत होणार नाहीत, आणि हे मूर्खपणामुळे नव्हे, तर मोकळेपणाने विचार केल्यामुळे. अशा लोकांनी एकमेकांवर कायदा कसा चालवायचा? रॉल्स म्हणतो, राज्यव्यवस्थेच्या मूलभूत बाबतींत अशीच कारणे द्या जी तुमचा धर्म न मानणारा समंजस नागरिकही कारणे म्हणून स्वीकारू शकेल. याला तो सार्वजनिक विवेक म्हणतो. पुढे १९९७ मध्ये त्याने सूट दिली : धार्मिक कारण खुशाल मांडा, मात्र यथावकाश त्याला नागरी कारणाचीही जोड द्या.

यावर निकोलस वॉल्टरस्टॉर्फसारख्या श्रद्धावान तत्त्वज्ञांनी आक्षेप घेतला. माझ्या आयुष्याला आकार देणारी गोष्टच मी सभागृहाच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवायची का? महाराष्ट्राच्या वाचकाला हा आक्षेप जोतीराव फुल्यांमुळे लगेच उमगावा. सर्व स्त्रीपुरुष समान हक्कांचे आहेत, असे फुले म्हणतात ते निर्मिकाने त्यांना तसे घडवले म्हणून. निर्मिक वगळा, आणि फुल्यांच्या मांडणीचा कणाच निघतो. मार्टिन ल्यूथर किंगचेही तेच. किंगबद्दल रॉल्स म्हणतो की त्याची कारणे नागरी भाषेतही मांडता येतात, म्हणून हरकत नाही. उत्तर चतुर आहे. पण किंगला आणि फुल्यांना ही परवानगी हवी होती का, असे मनात येऊन जातेच.

आता मुंबईकडे येऊ. जॉन स्टुअर्ट मिलच्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरील पुस्तकात मुंबईच्या पारशांवर एक तळटीप आहे. मिलने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत पस्तीस वर्षे नोकरी केली. माहिती त्याच वाटेने आली असणार. पारशी पश्चिम किनाऱ्यावर आले तेव्हा हिंदू राजांनी गोमांस वर्ज्य करण्याच्या अटीवर त्यांना आसरा दिला, नंतरच्या मुसलमान सत्ताधीशांनी डुकराचे मांस वर्ज्य करायला लावले, आणि धर्माची आज्ञा नसताना दोन्ही वर्ज्ये त्यांच्या अंगवळणी पडली, असे तो सांगतो. पूर्वेकडे रूढी हाच धर्म, असा शेराही मारतो. तो शेरा सोडून देऊ. त्याने तळटीप दिली त्या मजकुरातला प्रश्न मोठा आहे. समजा मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशाने डुकराचे मांस खायला सगळ्यांनाच बंदी केली. हा धार्मिक छळ का? मिल म्हणतो, नाही. डुक्कर खाल्लेच पाहिजे असे कोणताच धर्म सांगत नाही. मग हरकत कशाच्या आधारे घ्यायची? माणसाच्या खाजगी आवडीनिवडीत समाजाने पडू नये, एवढा एकच आधार तो मानतो. धर्मस्वातंत्र्याचे हत्यार इथे मिल हातात घेतच नाही. ताटात काय असावे हे ठरवायला देवाची साक्ष काढण्याची गरज त्याला भासत नाही.

वासरू आणि ताट, दोन्ही घेऊन आता २४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेत जाऊ. या पुस्तकाचे सगळ्यात लांब प्रकरण त्या दिवसावर आहे. ते तसे का, हे इथेच सांगतो. पंडित ठाकुरदास भार्गव यांनी त्या दिवशी मार्गदर्शक तत्त्वांत एक दुरुस्ती मांडली. तीच पुढे अनुच्छेद ४८ झाली. शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे, आणि विशेषतः गायी, वासरे व इतर दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांची कत्तल रोखावी, असा त्या अनुच्छेदाचा आशय. शब्दरचना संपूर्ण नागरी आहे. देवाचे नाव नाही, पावित्र्याचा उल्लेख नाही. दूध, नांगर, शेती. लॉकने वाचले असते तर मान डोलावली असती.

त्यावर दोन मुस्लीम सदस्य बोलले. संयुक्त प्रांताचे झहीरुल हसनैन लारी यांचे म्हणणे थोडक्यात असे की बहुसंख्याकांना बंदी हवी असेल तर आम्ही आड येणार नाही, पण जे काय असेल ते स्पष्ट आणि ठाम शब्दांत लिहा; बकरी ईदला काय चालेल आणि काय नाही हे आमच्या माणसांना नीट कळू द्या. आसामचे माजी मुख्यमंत्री सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी आणखी खोल बोट घातले. हा आमच्या धर्माचा भाग आहे म्हणून गाय राखायची, असे उघड म्हणा, मी विरोध करणार नाही. मीही धर्म मानणारा माणूस आहे. पण तुम्ही आर्थिक कारण पुढे करता तेव्हा मागच्या दाराने काहीतरी आणले जाते आहे असा संशय अनेकांच्या मनात राहतो.

रॉल्सच्या पुस्तकाला अजून पंचेचाळीस वर्षे अवकाश होता. त्याने जे सौजन्य मानले तेच इथे सादुल्लांना खटकते. अल्पसंख्य माणसाला त्याला पटेल असे नागरी कारण द्या, असे सिद्धांत सांगतो. आणि अल्पसंख्य माणूस उभा राहून म्हणतो की ते कारण नको, तुमचे खरे कारण द्या, मी त्याचा मान राखीन. धार्मिक कारणाशी तो असहमत होऊ शकतो, त्यापुढे नमूही शकतो. दोन्हींत त्याचे स्वत्व शाबूत राहते. आर्थिक कारणाच्या बाबतीत मात्र त्याला गुरांच्या आकडेवारीवर वाद घालावा लागतो, आणि वाद जिंकला तरी काही बदलणार नाही हे त्याला आधीच ठाऊक असते. माझे मत असे की उदारमतवादी सिद्धांताची दुखरी नस इथेच आहे. सर्वांना पटू शकेल असे कारण आणि देणाऱ्याला स्वतःला हलवणारे कारण, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. रॉल्सने कारण प्रामाणिकपणे द्यावे असे म्हटले खरे, पण प्रामाणिकपणा ओळखायचा कसा हे सांगितले नाही.

याच प्रश्नावर मोहनदास गांधींची भूमिका तर्काच्या दृष्टीने विलक्षण सरळ होती. गोरक्षण हा त्यांच्यासाठी धर्म होता आणि ते ते लपवत नसत. म्हणूनच जुलै १९४७ मध्ये प्रार्थनासभेत त्यांनी गोहत्याबंदीच्या कायद्याला नकार दिला : माझा धर्म, हिंदू नसलेल्यावर मी कायद्याने कसा लादू? दुसऱ्या टोकाला विनायक दामोदर सावरकर. गाय उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे त्यांनी १९३० च्या दशकात लिहिले आणि कर्मठांचा रोष ओढवून घेतला. एकाचे कारण धार्मिक, म्हणून कायदा नको. दुसऱ्याचे उपयुक्ततेचे, म्हणून पूजा नको. दोघे एकमेकांपासून किती दूर होते हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण कारण देताना दोघांनीही आपल्या कारणाचा हिशेब चुकता केला. एक शब्दाचा आणि एक मनातला, असे दोन हिशेब त्यांनी ठेवले नाहीत.

न्यायालयांना हे दोन हिशेब सांभाळावे लागले. १९५८ च्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईदला गायच कापली पाहिजे हे धर्मात बंधनकारक नाही असे ठरवले, गायी आणि वासरांवरची पूर्ण बंदी मान्य केली, पण कामाला निरुपयोगी झालेल्या बैलांवरची बंदी मान्य केली नाही. त्यांना पोसण्याचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला. म्हणजे कारण आर्थिक असेल तर ते जिथे संपते तिथे कायदाही संपतो. २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, एका न्यायमूर्तींच्या विरोधी मतासह, ती मर्यादा काढून टाकली. म्हाताऱ्या बैलाचे शेण आणि मूत्रही उपयुक्त ठरले. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मंजूर झालेल्या, बैल आणि वळूंवरच्या बंदीच्या विधेयकाला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. आधार खाजगीपणाचा. निकाल वाचताना मला वाटले, न्यायपीठाने अर्धे लॉकला दिले आणि अर्धे मिलला.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर लॉकच्या मजकुरातच आहे, पण दोन शब्दांत दडलेले : 'काही काळ'. त्याची बंदी रोगाला बांधलेली आहे. गोठे भरले की ती उठली पाहिजे. तेव्हा एखादे कारण खरे की सबब, हे ओळखायला देणाऱ्याच्या मनात शिरण्याची गरज नाही. कारण निघून गेल्यावर कायदा निघून जातो का, तेवढे पाहावे. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली तरी बैलावरचा कायदा अधिक कडक होत असेल, तर त्याला धरून ठेवणारे काहीतरी दुसरे आहे. ते दुसरे वाईटच असेल असे नाही. कोट्यवधी लोकांची गाईवरची माया ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि ती सबब म्हणून हिणवणारे उदारमतवादी मला उथळ वाटतात. पण ती माया असेल तर मायेच्या नावाने तिने समोर यावे.

अमेरिकेतले दोन निकाल या कसोटीजवळ येतात. फ्लोरिडातल्या हायालीआ शहराने सांतेरिया पंथाचे पशुबळी थांबवण्यासाठी नियम केले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने रद्द केले, कारण शहरात जनावरे मारण्याचे इतर जवळजवळ सगळे प्रकार चालूच होते. बंदी कत्तलीवर नव्हती, बळीवर होती. लॉकच्या पायऱ्या उलट्या केलेल्या. तीनच वर्षे आधी, १९९० मध्ये, त्याच न्यायालयाने ऑरेगनच्या स्मिथ खटल्यात आदिवासींच्या धर्मविधीतले पेयोटी हे मादक निवडुंग बेकायदा ठरवू दिले होते, कारण तो कायदा सर्वांना सारखा होता. सारखेपणा खरा होता. पण दारूबंदीच्या काळात ख्रिस्ती प्रार्थनेतल्या वाइनला त्याच देशाने सूट दिली होती. बहुसंख्याकांच्या धर्माला सूट मागावी लागत नाही. कायदा लिहितानाच ती आठवते.

धर्मालाच सूट का, हा प्रश्न ब्रायन लायटरने विचारला आहे. शाळेत किरपाण घेऊन आलेल्या शीख मुलाला परवानगी, आणि बापाने आजोबांची आठवण म्हणून दिलेला सुरा आणणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला नाही, हे कसे? आपल्या संविधानाने अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात किरपाणाचा प्रश्न एका वाक्यात मिटवला, त्यामुळे आपल्याला तो कूटप्रश्न फारसा भेटत नाही. त्यावरचे प्रकरण छोटे आहे. सेसील लाबोर्दचे उत्तर मला त्यातल्या त्यात पटते, ते तिथे वाचावे.

मजकूर लांबला, पण एक कबुली राहिली. सत्ता म्हणजे राज्य, आणि सक्ती वरून येते, असे हा सगळा सिद्धांत धरून चालतो. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये धर्मबहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द केला, पंथाच्या धर्मस्वातंत्र्याच्या नावाने. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे पडले. बहिष्कृत माणसाला स्मशानात जागा मिळत नाही, तेव्हा त्याला कारण कोण देणार? ज्या राज्याने ते द्यायचे, त्याने तर हात मागे घेतलेले. या प्रश्नाला रॉल्सकडे पुरेसे उत्तर नाही. माझ्याकडेही पूर्ण नाही. शेवटच्या प्रकरणात मी जिथवर पोचलो तिथवरचे लिहिले आहे.

पारिभाषिक शब्दांबद्दल एक खुलासा. 'टॉलरेशन'साठी मी सहिष्णुता वापरले असले तरी त्यात 'सहन करणे' आहे आणि ते मुद्दाम राहू दिले आहे. लॉकच्या काळी त्याचा अर्थ तेवढाच होता, आणि त्याच्या पत्रात नास्तिकाला तेवढेही मिळाले नव्हते.

संविधान सभेच्या त्या दिवसाचा वृत्तांत मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सादुल्लांच्या भाषणानंतर घाईने पुढची पाने उलटली. उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर देणार होते; बहुपत्नीत्व, अस्पृश्यता, व्यक्तिगत कायदे यांवर पानेच्या पाने बोललेला माणूस. त्यांनी पंडित भार्गवांची दुरुस्ती स्वीकारत असल्याचे सांगितले, आणि कामकाज मतदानाकडे वळले.